पॉलीहाऊसमधल्या ढोबळीवर ट्रायल घ्यायची आहे, नीट कशी मांडायची?

मोहाडीचा_ढोबळीवाला

राम राम मंडळी. दिंडोरी तालुक्यात माझी १०-१० गुंठ्यांची दोन पॉलीहाऊस आहेत, शेजारी शेजारीच, दोन्हीत रंगीत ढोबळी. दोन वर्षांपूर्वी एक जण समुद्री शेवाळाचा अर्क घेऊन आला, म्हणला दादा एका घरात द्या, एकात देऊ नका आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मला पटलं, कारण तो नुसता गुण गात नव्हता, बघा म्हणत होता. मग १ नंबरला दर १५ दिवसांनी आळवणी केली, म्हणजे पाण्यात मिसळून मुळांशी ओतलं, २ नंबरला काही नाही. हंगाम संपला तेव्हा १ नंबरचा माल ८.६ टन आणि २ नंबरचा ७.८. आठशे किलोचा फरक म्हणल्यावर माणूस विचार करतो का, यंदा दोन्ही घरांना दिलं, घरटी ९ हजार म्हणजे १८ हजार गेले. आणि यंदा १ नंबर ८.२, २ नंबर ७.४. म्हणजे २ नंबर वर यायला पाहिजे होतं ते आलंच नाही, होतं तेवढंच मागे राहिलं.

आता पुढच्या लागणीला मला स्वतःला नीट ट्रायल घ्यायची आहे. कोणाच्या सांगण्यावर नाही, माझ्या घरात, माझ्या मातीत. पण मांडायची कशी ते कळत नाही, किती झाडं घेऊ, शंभर पुरतील का? जाणकारांनी सांगा.

निफाडची_कृषीताई

दादा, आधी एकच प्रश्न. अर्क यायच्या आधीच्या वर्षी, म्हणजे दोन्ही घरांना काहीच दिलं नव्हतं तेव्हा, दोघांचं उत्पन्न किती होतं? वहीत असेल तर बघा.

मोहाडीचा_ढोबळीवाला

ताई, वही काढली. १ नंबर ८.१, २ नंबर ७.३.

दोनदा बेरीज करून बघितली, पट्ट्या पण जुळवल्या. तोच आठशेचा फरक, काही न देता. हे माझ्या घरातच लिहून ठेवलेलं होतं आणि मी ते उघडून बघितलं नाही ह्याचं फार वाईट वाटतंय.

निफाडची_कृषीताई

वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही वही ठेवली हेच मोठं आहे, आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांकडे वहीच नसते.

आता काय झालं ते सांगते. तुम्ही अर्काची तुलना केलीच नाही, तुम्ही १ नंबर घराची २ नंबर घराशी तुलना केली. २ नंबरच्या बाजूला काहीतरी असणार, झाडं, उतार, जुना कागद, पाण्याचं प्रेशर, काहीही. अर्क आणि घर ही दोन कारणं एकमेकांत अशी अडकली की वेगळी काढायला जागाच राहिली नाही. आणि "शंभर झाडं पुरतील का" ह्याचं उत्तर पण इथेच आहे. तुमच्या घरात अडीच हजारांवर झाडं होती, तरी ट्रायल म्हणून तुमच्याकडे मोजायला आकडे दोनच होते, एक घर दिलेलं आणि एक घर न दिलेलं. झाडं कितीही वाढवली तरी ते दोनाचे तीन होत नाहीत. ज्या तुकड्याला तुम्ही ठरवून, इतरांपासून वेगळं, औषध दिलं किंवा दिलं नाही, तो तुकडा म्हणजे एक. बाकीची झाडं त्या एका तुकड्याच्या पोटातली.

मोहाडीचा_ढोबळीवाला

२ नंबरच्या पश्चिमेला शेजाऱ्यांची सुबाभळीची रांग आहे ताई, दुपारी तीननंतर दोन-तीन गाळ्यांवर सावली येते. रोज बघतो मी ती सावली.

राहुरी_एमएस्सी

ताई बरोबर बोलतायत आणि ही चूक फक्त शेतकरी करतात असं नाही. मी स्वतः माझ्या प्रयोगात ३ प्लॉट होते, प्रत्येकातून १० झाडांची पानं मोजली आणि ३० आकडे म्हणून गणित करून बसलो. सगळं सिग्निफिकंट आलं, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा वाटत नाही असं, इतका आनंद झाला होता. मग सरांनी विचारलं की खत प्लॉटला टाकलं की झाडाला. प्लॉटला. मग ३० कुठून आले? पुन्हा प्लॉटची सरासरी घेऊन केलं तर फरक टिकला नाही. ह्याला आमच्यात खोटी पुनरावृत्ती म्हणतात, आणि ढोबळी-काकडीत तर अजून एक सापळा आहे, १५-२० तोडे होतात, लोक प्रत्येक तोडा वेगळा आकडा धरतात. एकाच बेडचे २० तोडे म्हणजे २० पुनरावृत्त्या नव्हेत, त्यांची बेरीज करा, बेडचा एकच आकडा.

सिन्नरचे_काका

मी ३० वर्षं भाजीपाला करतोय. मला झाडाकडे बघून कळतं कशाने फरक पडला. हे प्लॉट, पुनरावृत्ती विद्यापीठाला ठीक आहे, त्यांना पगार आहे. शेतकऱ्याने अर्धं घर उपाशी ठेवायचं का?

निफाडची_कृषीताई

काका, तुमच्या नजरेला मी नाही म्हणणार नाही, रोग पहिल्या दिवशी ओळखायला ती नजरच लागते, तिथे आकडे कामाचे नाहीत. पण शंभर किलोत दोन-चार किलोचा फरक डोळ्याला दिसत नाही, कोणाच्याच. आणि असले अर्क, ह्युमिक, अमिनो, सिलिकॉन, ह्यांचा फरक पडलाच तर तो असा बारीकच असू शकतो. तिथे नजर काय करते, ज्याला औषध दिलंय तिकडे आपण जास्त प्रेमाने बघतो. उपाशी ठेवण्याचं म्हणाल तर दादांनी अर्धं घर न देता ठेवलं तर त्यांचे साडेचार हजार वाचतात, जात नाहीत.

द्राक्षवाला_पिंपळगाव

सोप्पं सांगतो. एक आड एक बेड करा. पहिल्याला द्या, दुसऱ्याला नको, तिसऱ्याला द्या, चौथ्याला नको. मी बागेत ओळी अशाच घेतो, सगळीकडे सारखं पसरतं आणि मजुराला पण लक्षात राहतं.

निफाडची_कृषीताई

दिसतं चांगलं, पण त्यात एक गोम आहे, कागदावर काढून बघा. समजा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दर बेडला उत्पन्न थोडं थोडं वाढत जातंय, वाऱ्यामुळे म्हणा, उन्हामुळे म्हणा. एक आड एक केलं तर प्रत्येक जोडीत औषधाचा बेड कायम पश्चिमेला आणि बिनऔषधाचा कायम पूर्वेला. म्हणजे प्रत्येक जोडीत औषधाला तेवढाच तोटा, सगळ्या जोड्यांत एकाच दिशेने. पुन्हा पुन्हा तीच चूक केली म्हणून ती चूक सरासरीत जिरत नाही, उलट पक्की होते.

म्हणून चिठ्ठी किंवा नाणं. प्रत्येक जोडीला वेगळं नाणं उडवायचं, मग कधी औषध पश्चिमेला येईल कधी पूर्वेला, आणि जागेचा फरक कोणा एकाच्या बाजूने कायम उभा राहणार नाही. आणि नाणं उडवल्यावर "हे बरं दिसत नाही" म्हणून बदलायचं नाही.

द्राक्षवाला_पिंपळगाव

ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. माझ्या बागेला उत्तरेकडे उतार आहे आणि मी कायम वरच्या ओळीपासून सुरू करतो. म्हणजे चार वर्षांचे माझे सगळे निष्कर्ष परत बघायला लागणार.

राहुरी_एमएस्सी

ह्याचा इतिहास पण शेतीतलाच आहे. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचे खताचे प्लॉट चालू आहेत, तिथे १९१९ ला फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ आले, ढिगाने जुने आकडे पडलेले, आणि त्या कामातून पुढे त्यांनी पुनरावृत्ती, चिठ्ठ्या टाकून वाटप आणि सारख्या जागेचे गट ही तीन सूत्रं बांधली. त्याच्याही आधी १९०८ मध्ये गॉसेट म्हणून होते, गिनेस बियरच्या कारखान्यात कामाला, त्यांनी थोड्या आकड्यांवरून किती खात्रीने बोलता येतं ते काढलं. आपला टी-टेस्ट तो. आणि आपल्याकडे शेतीच्या संख्याशास्त्रातले पानसे आणि सुखात्मे, कृषीच्या कुठल्याही पोराला ही जोडी पाठ असते, त्यातले सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

मोहाडीचा_ढोबळीवाला

छान वाटलं वाचून. आता माझ्या घराचं सांगतो, मग मांडणी सांगा. १ नंबर घर २८ बाय ३६ मीटर, नैसर्गिक हवेचं, बेड उत्तर-दक्षिण, एकूण १८, बेडवर दोन ओळी झिगझॅग, दीडशेच्या आसपास झाडं. ठिबक सगळ्या घराचं एकाच व्हॉल्व्हवर.

निफाडची_कृषीताई

ठिबकमधून अर्क सोडला तर सगळ्या घराला जाईल, म्हणजे परत एकच तुकडा. म्हणून ट्रायलपुरतं आळवणी हाताने, बेडवार. तुमच्यासाठी असं सुचवते.

कडेचे बेड १ आणि १८ हिशोबातून बाहेर. त्यांना सगळं नेहमीसारखं करा, माल विका, पण ट्रायलमध्ये मोजू नका, कारण त्यांच्या एका बाजूला झाडच नाही, कडेचं ऊन-वारा वेगळा. तसंच प्रत्येक बेडच्या दोन्ही टोकांची दोन-दोन फूट झाडं सोडून द्या. राहिले १६ बेड, २-३, ४-५, ६-७ अशा शेजारच्या आठ जोड्या. शेजारचे दोन बेड जवळपास सारख्याच हवेत असतात, त्यामुळे तुलना जोडीच्या आतच होते आणि जोडी-जोडीतला फरक कितीही असला तरी त्रास देत नाही. प्रत्येक जोडीला नाणं.

ज्या बेडला अर्क नाही त्याला तेवढंच साधं पाणी, त्याच मगाने, त्याच दिवशी. हे विसरू नका. नाहीतर शेवटी अर्काचा फरक आला की जादा पाण्याचा आला हे कोण सांगणार.

रोपं एकाच लॉटची, एकाच दिवशी लागण. फुटवे किती ठेवायचे ते सगळीकडे सारखं. आणि सर्वात महत्त्वाचं, आत्ताच वहीत लिहा की तुम्ही काय मोजणार. एकूण वजन आणि ए ग्रेडचं वजन, बस. नाहीतर शेवटी वजनात फरक नाही आला की माणूस म्हणतो पण पानाचा रंग बघा, रंगात नाही आला तर देठ बघा, दहा गोष्टी बघितल्या की एखाद्यात योगायोगाने फरक सापडतोच.

गिरणारेची_रोपवाटिका

रोपांचं मी सांगते, कारण अर्धी ट्रायल तर इथेच बिघडते. ट्रेमध्ये कडेची रोपं लवकर सुकतात, मधली उंच होतात. बेंचच्या टोकाचे ट्रे वेगळे, मधले वेगळे. तुम्ही एका बेडला एक-एक ट्रे लावत गेलात तर एखाद्या बेडला सगळी टोकाची रोपं जातील. आमच्याकडे कोणी ट्रायलची रोपं मागितली तर मी आधी खूप मोठी आणि खूप बारीक काढून टाकते आणि मग उरलेल्या सगळ्या ट्रेमधून थोडी थोडी उचलून प्रत्येक क्रेट भरते. वेळ जातो, बायका कुरकुर करतात, पण करते. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, पण त्याच लॉटची पन्नास-साठ रोपं बाजूला ठेवा, पहिल्या आठवड्यात काय भरायचं ते भरा, नंतर मेलेलं झाड मेलेलं म्हणून लिहा, दुसरीकडचं आणून लावू नका.

त्र्यंबक_रोड_काकडी

माझं फॅन-पॅडचं घर आहे, एका टोकाला ओले पॅड आणि दुसऱ्या टोकाला हवा ओढणारे फॅन, आत काकडी. मी मागे तीन खतांची ट्रायल केली होती, पॅडकडचा एक तृतीयांश भाग पहिल्या खताला, मधला दुसऱ्याला, फॅनकडचा तिसऱ्याला. पहिलं खत जिंकलं. अर्थात जिंकणारच, पॅडकडून आलेली हवा थंड आणि ओलसर, फॅनपर्यंत जाता जाता तापते आणि कोरडी होते, उन्हाळ्यात तर चालत गेलं तरी अंगाला जाणवतं. तेव्हा अंगाला जाणवत होतं पण डोक्यात शिरलं नाही. ते खत मी दोन वर्षं वापरलं. आता हे वाचून विचारतो, मी कसं मांडायला पाहिजे होतं?

निफाडची_कृषीताई

तुम्ही पट्टे बरोबर पाडले पण खतं चुकीची वाटली. पॅडपासून सारख्या अंतरावरचा आडवा पट्टा म्हणजे एक गट, कारण त्या पट्ट्यात हवा सारखी. मग त्या प्रत्येक पट्ट्यात तीनही खतं बसली पाहिजेत, प्रत्येक पट्ट्यात वेगळी चिठ्ठी काढून. असे सहा-सात पट्टे करा.

थर्मामीटर लावणार असाल तर झाडाच्या शेंड्याच्या उंचीला आणि सावलीत, पांढऱ्या, हवा खेळेल अशा झाकणात. उघड्या उन्हातला सेन्सर हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो.

राहुरी_एमएस्सी

किती गट लागतील ह्याचा एक ढोबळ हिशोब आमच्याकडे शिकवतात. खतांची संख्या वजा एक, गुणिले गटांची संख्या वजा एक, हे किमान १२ यावं. तीन खतं, सात गट, २ गुणिले ६ बारा. चार खतं, पाच गट, ३ गुणिले ४ बारा. आणि फरक जेवढा बारीक पकडायचा तेवढे प्लॉट वाढतात, निम्मा फरक पकडायचा तर चौपट लागतात. म्हणून एका हंगामात सहा-सात औषधं तपासण्याची हौस करू नये, दोन-तीन नीट तपासावीत. दोन्ही दिशांना फरक असेल, म्हणजे लांबीत पण आणि रुंदीत पण, तर चार खतांना चार बाय चारचा लॅटिन चौरस करता येतो, प्रत्येक खत प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदा.

मोहाडीचा_ढोबळीवाला

ताई, आठ जोड्यांवर १२ कसे येतील, एक गुणिले सात म्हणजे सातच.

निफाडची_कृषीताई

बरोबर पकडलंत. सातच येतात. म्हणजे मोठा फरक असेल तर दिसेल, बारीक असेल तर धूसर राहील. आता तुम्हालाच विचारते, किती फरक तुमच्या कामाचा? ९ हजार खर्च, १८ बेड, म्हणजे बेडला ५०० रुपये. सरासरी भाव ४० धरला तर बेडमागे साडेबारा किलो जादा निघाले तर पैसे फिटले. त्याच्या खाली अर्काने काम केलं काय आणि नाही काय, तुमच्या खिशाला सारखंच. हा साडेबाराचा आकडा आत्ताच पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि लागणीआधी एक काम करा, ठिबक तपासा.

जुना_ठिबकवाला

हे मी सांगतो, माझा धंदा आहे. २ लिटर ताशीचा ड्रिपर असेल तर १५ मिनिटांत अर्धा लिटर पडला पाहिजे. प्रत्येक बेडच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला ड्रिपरखाली माती उकरून एकसारखे डबे ठेवा, घड्याळ लावून पाणी सोडा, १५ मिनिटांनी बंद, मग मापाने मोजा आणि बेडच्या नकाशावर लिहा. डोळ्यांनी "पडतंय की" म्हणू नका, ३५० मिली पण पडताना तसंच दिसतं. क्षार बसलेले असतील तर ॲसिड फिरवा, शेवटची टोपणं उघडून फ्लश करा आणि परत मोजा.

मोहाडीचा_ढोबळीवाला

केलं. श्रीखंडाचे ५४ डबे जमवले, अख्ख्या गल्लीतून. बेड ३, ४ आणि ११ च्या टोकाला ३६०, ३८०, ३५० मिली. बाकी सगळे ४७० च्या वर. टोपणं उघडली तर तांबडा गाळ. ॲसिड ट्रीटमेंट करून परत मोजलं, आता सगळे ४७० ते ५१०. ह्या तीन बेडच्या टोकाची झाडं कायम मागे असायची आणि मी प्रत्येक वेळी मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी करायचो.

सिन्नरचे_काका

हे मात्र पटलं. मी पण उद्या डबे लावतो.

आडगावची_वैशाखी

तोडणीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, आमच्याकडे मी आणि जाऊबाई तोडतो. तिचा हात वेगळा, ती थोडा रंग आला की तोडते, मी पूर्ण रंग येऊ देते. एक बेड तिने तोडला आणि शेजारचा मी, तर वजनात फरक पडणारच, तो औषधाचा नाही. म्हणून एका जोडीचे दोन्ही बेड एकाच बाईने, एकाच सकाळी तोडायचे. आणि गाडी आली म्हणून थांबायचं झालं तर जोडी पूर्ण करूनच थांबायचं, मधे नाही. क्रेटवर फक्त बेडचा नंबर टाका, अर्क लिहू नका, काट्यावर जो वजन करतो त्याला माहीतच नको कुठला कुठला. आमचे सासरे वजन लिहिताना चांगल्या बेडला काटा थोडा स्थिर होऊ देतात आणि दुसऱ्याला घाईत लिहितात, मुद्दाम नाही करत, होतं ते.

मोहाडीचा_ढोबळीवाला

ही खरी कामाची गोष्ट सांगितलीत ताई. ठरलं. मुलीने नाणं उडवलं, सातवीत आहे, छापा आला तर पश्चिमेचा बेड अर्काचा. निकाल आला काटा, छापा, छापा, काटा, छापा, काटा, काटा, काटा. शेवटी तीन काटे सलग आले तेव्हा ती म्हणाली पप्पा परत उडवू का, मी म्हणलं नाही, जसं आलं तसं. यादी तिनेच लिहून पाकिटात घातली, आळवणीच्या दिवशी मी काढतो आणि परत कपाटात. वजन मेव्हणा करणार आहे, त्याला काही सांगितलेलं नाही. लागण परवा. हंगाम संपला की इथेच येऊन लिहितो.

त्र्यंबक_रोड_काकडी

लिहाच. धागा सेव्ह करून ठेवलाय.

राहुरी_एमएस्सी

एक राहिलं, फवारणीची ट्रायल कोणी करणार असेल तर शेजारच्या प्लॉटवर तुषार उडतात, मधे प्लास्टिकचा पडदा धरायला दोन माणसं लागतात, किंवा मधली एक ओळ मोजायची नाही. आळवणीला हा त्रास नाही, बेड उंच असतील तर.

मोहाडीचा_ढोबळीवाला

मंडळी, हंगाम संपला. उशीर झाला त्याबद्दल माफी, मधे निफाडकडची थंडी इकडेही आली आणि जानेवारीत माल थांबला होता, मग फुलकिड्यांनी पंधरा दिवस झोपू दिलं नाही. सगळ्या सोळा बेडना सारखंच फवारलं.

काल रात्री मेव्हण्याची वही आणि मुलीचं पाकीट समोर ठेवून बसलो. अर्काच्या बेडमधून साध्या पाण्याचा बेड वजा, किलोमध्ये, जोडीवार: २२ जास्त, ९ कमी, १४ जास्त, ५ जास्त, १२ कमी, १८ जास्त, ३ जास्त, १ कमी. बेरीज ४०, म्हणजे सरासरी बेडमागे ५ किलो जास्त. ए ग्रेडचं पण तसंच, कुठे इकडे कुठे तिकडे. सहाव्या जोडीत दुसऱ्या महिन्यात नऊ झाडं मरने गेली, साध्या पाण्याच्या बेडमधली, ती लिहून ठेवली आहेत. पुढचं गणित मला येत नाही.

राहुरी_एमएस्सी

मी करतो दादा. सरासरी ५. प्रत्येक फरक ह्या ५ पासून किती लांब आहे त्याचे वर्ग घेतले तर बेरीज १०६४, भागिले ७ म्हणजे १५२, त्याचं वर्गमूळ १२.३. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की ४.३६. आता ५ भागिले ४.३६ म्हणजे १.१५. टी-टेस्टच्या टेबलमध्ये सातावर (आठ जोड्या वजा एक) पाच टक्क्यांना, म्हणजे नुसत्या योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायला, २.३६५ लागतात. त्याच्या निम्म्यापर्यंत पण नाही पोचलं. दुसऱ्या शब्दांत, खरा फरक उणे ५ पासून अधिक १५ किलोपर्यंत कुठेही असू शकतो.

सहावी जोडी मर झाल्यामुळे काढून टाकावी का असं वाटेल, तिथे अर्काला फुकटचे किलो मिळाले असणार. काढली तर सरासरी अजून खाली, ३ च्या आसपास येते. दोन्ही आकडे लिहून ठेवा, लपवायचं काही नाही.

निफाडची_कृषीताई

पहिल्या पानावरचा साडेबारा आठवा. सरासरी ५, साडेबाराच्या निम्मे पण नाहीत. १५ पर्यंत शक्यता आहे म्हणजे साडेबारा अगदीच अशक्य आहे असं मी म्हणणार नाही, अर्क बिनकामाचा आहे असंही हा प्रयोग सिद्ध करत नाही. पण दरवर्षी १८ हजार घालायला ह्यात आधार नाही. आणि हे तुमच्या घराचं, ह्या एका हंगामाचं उत्तर आहे, उन्हाळी लागणीचं वेगळं येऊ शकतं.

दादा, त्या वहीत अजून एक गोष्ट आहे, बघितली का? जोडीची सरासरी जागेप्रमाणे लावून बघा.

मोहाडीचा_ढोबळीवाला

आत्ता लावली. पश्चिमेची पहिली जोडी, २-३, बेडमागे ४०५ किलो. पाचवी जोडी ४८०. बाकीच्या मधे कुठेतरी. ७५ किलोचा फरक, एकाच घरात, एकाच पाण्यावर, ठिबक तर मोजून सारखं केलेलं. आणि मी दोन वर्षं ५ किलोच्या मागे होतो.

पश्चिमेकडून वारा येतो तो सरळ पहिल्या चार बेडवर. दुपारी तिथे पानं मान टाकतात, बघितलंय मी. पश्चिमेच्या पडद्याची वेळ बदलून बघावी असं वाटतंय, पण पडदा उघडला की सगळ्या बाजूलाच उघडतो, त्याच्या जोड्या कशा पाडायच्या?

निफाडची_कृषीताई

बेडवार नाही पडणार. तिथे तुकडा बेड नाही, दिवस आहे. दोन-दोन दिवसांचे गट करा, एक दिवस लवकर पडदा, एक दिवस नेहमीचा, कुठला आधी ते परत नाण्यावर. पण वजन नाही मोजता येणार, वजन दिवसावर येत नाही. दुपारी दोनला पहिल्या चार बेडमधलं तापमान आणि आर्द्रता मोजा, मान टाकलेली झाडं मोजा. निदान पंधरा जोड्या दिवसांच्या होऊ द्या, ढगाळ दिवस तसे लिहून ठेवा.

मोहाडीचा_ढोबळीवाला

म्हणजे महिनाभर रोज दुपारी दोनला. होईल. मुलीला सांगितलं, तिने नवीन पाकीट काढलंय आणि सेन्सरला पांढऱ्या डब्याचं झाकण पण तीच करतेय, श्रीखंडाच्याच डब्यांचं, एकावर एक, मधे हवा जायला फटी ठेवून. फटी किती बोटांच्या ठेवाव्यात कोणी सांगेल का?